शाळेत ‘शुगर बोर्ड’ लागला, पण मधुमेहाची बाकीची कारणे कोण वाचणार?

मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या सगळ्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. रोज किती साखर खावी, शीतपेयात आणि पाकिटातल्या खाऊत ती किती असते, जास्त झाली तर काय होते, हे मुलांना दिसेल अशा जागी लिहायचे. कारणही परिपत्रकातच होते. एकेकाळी फक्त मोठ्या माणसांत दिसणारा टाईप टू मधुमेह गेल्या दहा वर्षांत मुलांमध्येही वाढू लागला आहे. ४ ते १० वयाच्या मुलांच्या रोजच्या कॅलरीजपैकी १३ टक्के आणि ११ ते १८ वयाच्या मुलांच्या १५ टक्के कॅलरीज साखरेतून येतात, असे त्यात म्हटले होते. मर्यादा ५ टक्क्यांची आहे.

पाऊल चांगलेच आहे. पण आम्ही नाशिक रोडला शिकवतो आणि पालक सभेत हा विषय काढला की तीच तीन वाक्ये परत परत ऐकतो. ‘आमच्या घरात गोड कोणी खात नाही, सर.’ ‘आमचा पोरगा तर काडीसारखा आहे, त्याला कशी होईल शुगर?’ आणि तिसरे, ‘सगळं टेन्शनमुळे होतं.’ साखरेचा फलक या तिन्ही वाक्यांना उत्तर देत नाही. गोड न खाणाऱ्यांना, काडीसारख्या माणसांना आणि शांत स्वभावाच्या माणसांनाही आपल्या मोहल्ल्यांत मधुमेह होतो आहे. तो का होतो, हे समजून घेतल्याशिवाय आपण फक्त चहातली साखर कमी करत राहू आणि आजार मागच्या दाराने घरात येत राहील.

देशाचा आकडा किती मोठा आहे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या म्हणजे आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ या पाहणीचे देशभराचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २० वर्षांवरच्या १ लाख १३ हजारांहून अधिक लोकांना तपासून केलेली ही पाहणी आहे. तिच्यानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांमध्ये ११.४ टक्के. आणखी १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर उभे आहेत. त्यांची साखर नेहमीपेक्षा वाढलेली आहे, पण मधुमेह म्हणण्याइतकी नाही. यालाच डॉक्टर ‘प्री-डायबेटिस’ म्हणतात.

शेजारच्या गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के निघाले, म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून जास्त. महाराष्ट्राची मोजणी याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात झाली होती. तिचे २०११ मध्ये आलेले आकडे सांगतात की राज्यात ८.४ टक्के प्रौढांना मधुमेह होता आणि १२.८ टक्के उंबरठ्यावर होते. उंबरठ्यावरची माणसे आजारी माणसांपेक्षा जास्त होती, हे त्यात महत्त्वाचे. त्यानंतर इतकी वर्षे गेली. त्यांच्यातल्या अनेकांनी तो उंबरठा एव्हाना ओलांडला असणार.

याची किंमत काय, हे महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस नावाची बुरशी लोकांचे डोळे आणि जबडे घेऊन गेली. तिच्या तावडीत सापडलेल्यांमध्ये ताब्यात नसलेल्या मधुमेहाचे रुग्ण फार होते. कित्येकांना आपल्याला शुगर आहे हे दवाखान्यात भरती झाल्यावर कळले. टीबीचेही तसेच. मधुमेह असलेल्याला टीबी होण्याचा धोका दोन ते तीन पट असतो. एकेका खोलीत पाच-सहा माणसे राहतात अशा वस्त्यांनी ही गोष्ट विसरून चालणार नाही.

शरीरात नेमके काय बिघडते?

जेवणातला भात, पोळी, पाव, बटाटा यांची पोटात साखर होते आणि ती रक्तात येते. स्वादुपिंड नावाचा अवयव इन्सुलिन सोडतो. इन्सुलिन त्या साखरेला स्नायूंमध्ये आणि यकृतात पोचवते. आपल्या शरीरात साखर साठवायचे आणि जाळायचे सगळ्यात मोठे ठिकाण म्हणजे स्नायू.

आता स्नायू कमी असले, त्यांना काम नसले आणि पोटाच्या आत, यकृताभोवती चरबी साठली, तर इन्सुलिन हाक मारते पण शरीर ऐकत नाही. स्वादुपिंड आणखी जोर लावते. काही वर्षे असेच निभावते. या काळात माणसाला काहीच त्रास नसतो, आणि इथेच आपण फसतो. मग स्वादुपिंड थकते, साखर रक्तात साचू लागते आणि एक दिवस चष्म्याचा नंबर बदलला म्हणून किंवा पायाची जखम भरत नाही म्हणून तपासणी होते. तेव्हा आपण म्हणतो, ‘अचानक शुगर निघाली.’ खरे तर ती दहा वर्षांपासून निघायच्या तयारीत होती.

साखर खाल्ल्याने मधुमेह होतो हे म्हणणे त्यामुळे अर्धेच खरे आहे. जास्त साखरेने वजन वाढते, यकृतात चरबी साठते आणि धोका वाढतो. शीतपेयांचा धोका तर चांगलाच आहे. पण ज्याने आयुष्यभर मिठाईला हात लावला नाही, पण दोन्ही वेळा ताटभर भात खाऊन दिवसभर गल्ल्यावर बसला, त्यालाही हा आजार तितकाच ओळखतो.

बारीक माणसाला शुगर कशी? उत्तर पुण्याने दिले

या प्रश्नावर जगातले एक महत्त्वाचे काम आपल्यापासून दोनशे किलोमीटरवर, पुण्याच्या केईएम रुग्णालयात झाले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पाहिले की त्यांच्याकडे येणारे मधुमेहाचे रुग्ण परदेशी पुस्तकातल्या रुग्णांसारखे जाडजूड नाहीत. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय म्हणजे उंची-वजनाचा हिशोब अगदी सारखा होता, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनाचा काटा दोघांना सारखेच म्हणत होता. आतली गोष्ट काट्याला दिसत नव्हती.

आपल्याकडच्या माणसाचे हात-पाय बारीक, स्नायू कमी आणि पोटाशी चरबी, असा हा बांधा. म्हणूनच भारतीयांसाठी मापे वेगळी आहेत. बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा, असे आपल्याकडचे डॉक्टर धरतात. इंग्लंडची आरोग्यसेवाही तिथल्या दक्षिण आशियाई लोकांसाठी २३ पासूनच सावध होते. त्याहून सोपे माप म्हणजे कंबर. पुरुषाची ९० सेंटिमीटरपेक्षा आणि बाईची ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर धोका सुरू झाला. शिंप्याची टेप पुरते. मोजताना बेंबीच्या पातळीवर धरावी, श्वास सोडलेला असावा आणि पोट आत ओढू नये!

आजार एक पिढी आधी सुरू होतो

पण हा बांधा येतो कुठून? याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती बायांचा अभ्यास सुरू केला. त्या बायांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे तो ‘बारीक पण चरबीवाला’ बांधा जन्मतःच तयार होता.

हे फक्त पुण्याचे नाही. इंग्लंडमध्ये डॉ. डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवले होते की जन्मतः कमी वजनाच्या मुलांना म्हातारपणी साखरेचा त्रास जास्त होतो. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धामुळे उपासमार झाली तेव्हा जी मुले आईच्या पोटात होती, त्यांच्या शरीराला पन्नाशीत साखर नीट पेलवत नव्हती. आईच्या पोटात अन्न कमी पडले की बाळाचे शरीर थोडक्यात भागवायला शिकते. पुढे त्याच शरीराला पाव, भात, शीतपेय आणि बसकाम मिळाले की गणित चुकते.

पुण्याच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. गर्भारपणात पालेभाजी, फळे आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या बायांची बाळे मोठी होती. अतिकष्टाची कामे करणाऱ्यांची बाळे लहान होती. ६० टक्क्यांहून जास्त मातांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. ज्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांचे शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनचे कमी ऐकू लागले होते.

इथे आपल्यापैकी कोणी म्हणेल, बी-१२ मांस, अंडी, दुधात असते. आपल्या घरात गोश्त शिजते, मग आपल्याला काय चिंता? आम्ही एवढेच विचारतो की घरातल्या बोट्या कुणाच्या ताटात जातात? आधी अब्बू आणि मुले जेवतात, मग पाहुणे, मग घरातल्या बाया. सुनेच्या वाट्याला बऱ्याचदा रस्सा आणि भात येतो. दूध मुलासाठी असते आणि मुलीला चहा मिळतो. सगळ्या घरांत असे नाही, पण कोणत्या घरात असते हे आपल्याला सांगायला नको. आज जी मुलगी आठवीत आहे, तिच्या ताटात काय पडते यावर २०५० मधल्या मधुमेहाचा थोडाफार हिशोब ठरतो. तिला अंडे, दूध, डाळ, पालेभाजी मिळायला हवी आणि निकाहाची घाई नको. मधुमेह टाळण्याच्या उपायांत हा सगळ्यात पहिला, पण कुठल्याच फलकावर तो दिसत नाही.

गर्भारपणात साखर वाढलेली असेल, तर बाळंतपणानंतर ती बहुतेक वेळा उतरते आणि घरचे विसरून जातात. तसे विसरू नये. अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो, आणि तिच्या मुलालाही. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी आणि मग दरवर्षी एकदा, हे जच्चा-बच्चाच्या कागदावर ठळक लिहून ठेवावे.

काम, झोप आणि तंबाखू

नाशिक रोड हे रेल्वे आणि प्रेसचे गाव. १९२५ मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस आली, १९२८ मध्ये नोटांची प्रेस. जुनी माणसे सांगतात, देवळाली गाव, विहितगाव, जेल रोडवरून माणसे सायकलवर किंवा पायी ड्युटीला जात. घरचे पाणी भरणे, दळण आणणे, बाजार करणे, सगळे पायाने. आज दोन गल्ल्यांवरच्या किराणा दुकानात जायलाही गाडी निघते. आपल्या लोकांचे धंदेही बघा. कुणी रिक्षा किंवा टेम्पो चालवतो, कुणी दुकानात बसतो, कुणी मोबाईल दुरुस्ती, कुणी शिवणकाम करतो. यातले प्रत्येक काम मेहनतीचे आहे, पण पाय आणि मांड्यांचे मोठे स्नायू दिवसभर रिकामे बसतात. ‘दिवसभर मरमर काम करतो, आणखी व्यायाम कशाला?’ हा प्रश्न खरा वाटतो, पण थकवा म्हणजे व्यायाम नव्हे.

रात्रपाळीचा धोका वेगळा. आपल्याच जिल्ह्यात मालेगावचे यंत्रमाग दिवसरात्र चालतात. रेल्वेत, कारखान्यांत, सिक्युरिटी गार्डच्या नोकरीत पाळ्या बदलत असतात. झोप अपुरी किंवा उलटसुलट झाली की इन्सुलिनचे काम मंदावते आणि भूक वाढते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. ‘टेन्शन’चा वाटाही बराचसा याच वाटेने येतो. चिंता असली की झोप जाते, अवेळी खाणे होते, बिडी-सिगारेट वाढते. नुसत्या चिंतेने निरोगी माणसाला मधुमेह झाला, असे समजून बाकी कारणांकडे पाठ फिरवणे सोयीचे असते, बरोबर नसते.

तंबाखूचा संबंध आपण कॅन्सरशी जोडतो. पण सिगारेट ओढणाऱ्याला मधुमेहाचा धोका न ओढणाऱ्यापेक्षा ३० ते ४० टक्के जास्त असतो, हे फार कमी जणांना माहीत आहे. आणि सांधेदुखी, दमा, खाज यांसाठी कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन् महिने घेणे, हेही साखर वाढण्याचे एक कारण आहे. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय अशी गोळी आणू नये.

दस्तरख्वानावर काय असते?

आयसीएमआरच्याच पाहणीतून भारतीयांच्या आहारावर २०२५ मध्ये निघालेल्या अभ्यासात दिसले की आपल्या रोजच्या उष्मांकापैकी सुमारे ६२ टक्के भाग भात, गहू आणि साखर अशा पिष्टमय पदार्थांतून येतो. प्रथिने कमी पडतात. भात सोडून नुसती गव्हाची पोळी धरल्याने फारसा फायदा होत नाही, एकूण पीठ-भात कमी करून त्या जागी डाळ, कडधान्य, दूध-दही, अंडी, मासे आणायला हवेत, असा त्याचा सारांश आहे.

आपल्या दावतीचे ताट या नजरेने बघू या. बिर्याणीचा भात, सोबत पाव किंवा नान, वर जर्दा किंवा शाही तुकडा आणि हातात शीतपेयाची बाटली. भाजी कांद्याच्या दोन चकत्यांपुरती. ३०० मिलिलिटर शीतपेयात साधारण ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. एका बाटलीत दिवसाचा कोटा संपला! रोजचे म्हणाल तर चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे, आणि बरोबर खारी-टोस्ट. मैदा, साखर आणि तूप-डालडा एकाच घासात. साखर काढून गूळ किंवा मध घातला तर चालतो, हा समजही चुकीचा आहे. रक्तात गेल्यावर तिन्ही साखरच.

रमजानमध्ये हाच हिशोब उलटतो. रोजा आजाराचे कारण नाही, पण इफ्तारला भजी, समोसे, सरबत आणि नंतर पुन्हा पोटभर जेवण झाले तर महिन्याच्या शेवटी अनेकांचे वजन वाढलेले असते. दोन खजूर, पाणी, फळे, चणे आणि मग नमाजनंतर साधे जेवण एवढ्यावर भागते. पोटाला थोडी जागा रिकामी ठेवावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतच आलो आहोत. ज्यांची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी मात्र रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटून वेळा आणि डोस ठरवून घ्यावा. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे डॉक्टर सांगतात.

घरच्या घरी हिशोब

चेन्नईचे डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये भारतीयांसाठी एक सोपी गुणपद्धत काढली. रक्त काढायला लागत नाही. चार प्रश्न आहेत.

वय: ३५ च्या आत असेल तर शून्य, ३५ ते ४९ असेल तर २०, पन्नाशी पार असेल तर ३० गुण.

कंबर: बाईची ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत असेल तर शून्य. त्याच्या वर दहा सेंटिमीटरपर्यंत १०, त्याहून जास्त असेल तर २०.

हालचाल: रोजचा व्यायाम आणि कष्टाचे काम दोन्ही असेल तर शून्य. दोन्हीपैकी एकच असेल तर २०. व्यायाम नाही आणि कामही बसून, तर ३०.

घराणे: आई-वडील दोघांनाही मधुमेह नसेल तर शून्य, एकाला असेल तर १०, दोघांना असेल तर २०.

बेरीज ६० किंवा जास्त आली तर धोका मोठा. ३० ते ५० मध्ये मध्यम. इथे गुण कमी मिळवणारा पास!

एक उदाहरण करून बघू. दुकानात बसणारा ४२ वर्षांचा माणूस, कंबर ९६, व्यायाम नाही, आईला मधुमेह. २०, १०, ३० आणि १०, एकूण ७०. दुसरे उदाहरण आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. घरी मशीनवर शिवणकाम करणारी ३८ वर्षांची बाई, कंबर ७८, म्हणजे सडपातळ. वडिलांना मधुमेह. २०, शून्य, ३० आणि १०, एकूण ६०. आरशात पाहून तिला कोणी आजारी म्हणणार नाही, पण तिचीही तपासणी व्हायलाच हवी.

या चारपैकी वय आणि घराणे आपल्या हातात नाही. कंबर आणि हालचाल आहे. दोन्हींचे मिळून ५० गुण होतात.

शिक्षक म्हणून आणखी एक खूण सांगतो. काही मुला-मुलींच्या मानेच्या मागे, काखेत काळपट, मखमलीसारखी जाड कातडी दिसते. आई ती मळ समजून घासत असते आणि वर्गात पोरे चिडवतात. तो मळ नाही. पुष्कळदा ती शरीर इन्सुलिनचे ऐकेनासे झाल्याची खूण असते. मुलाला रागावू नये, डॉक्टरांना दाखवावे. मुलीची पाळी अनियमित असेल आणि डॉक्टरांनी पीसीओएस सांगितले असेल, तिथेही साखर बघावी.

तपासणी आहे, जाणारे कमी आहेत

राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी व्हावी असे ठरले आहे. आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात, त्यात वय, कंबर, तंबाखू, दारू, व्यायाम, घराणे हेच प्रश्न असतात. बेरीज ४ च्या वर गेली तर त्या माणसाला आधी तपासणीला पाठवायचे असते. पण आशाताई दारात आल्या की आपल्याकडे ‘नंतर या’ म्हणतात, किंवा बाया आतून सांगतात, ‘साहेब घरी नाहीत.’ कागद सरकारी दिसला की लोकांना दुसरीच शंका येते. ही भीती का आहे ते आम्ही जाणतो. पण कंबर मोजणाऱ्या फॉर्मला घाबरण्यात नुकसान आपलेच आहे. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी आशाताईंबरोबर फिरून हे समजावून सांगितले तर बरेच दरवाजे उघडतील.

आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. उपाशीपोटी साखर १०० च्या आत ठीक. १०० ते १२५ उंबरठा. १२६ किंवा जास्त, आणि दुसऱ्यांदा तपासूनही तेच, तर मधुमेह. एचबीए१सी ही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी असते. तिथे ५.७ च्या आत ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह.

उंबरठ्यावरच्या माणसाला परत फिरता येते का? चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी अशाच ५३१ लोकांवर तीन वर्षे अभ्यास केला. २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन सोडून दिले, त्यांच्यापैकी ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना रोज निदान अर्धा तास चालायला आणि साखर, भात-मैदा आवरायला लावले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. गोळी दिलेल्या गटातही साधारण तेवढेच. म्हणजे चालणे आणि ताट यांनी गोळीइतके काम केले. अर्थात, ज्याला मधुमेह झालेलाच आहे त्याने ऐकीव सल्ल्यावर गोळी बंद करू नये. कारले, जांभूळ, मेथी खुशाल खावे, पण गोळीच्या जागी नव्हे. आणि एकाची गोळी दुसऱ्याने घेऊ नये.

राहता राहिला चालण्याचा प्रश्न. पुरुष फजरनंतर रस्त्याने चालू शकतात. बायांनी कुठे चालायचे? गल्लीत गाड्या, मैदानावर पोरांचे क्रिकेट, आणि ‘लोक काय म्हणतील’ हे वेगळेच. मुली सातवी-आठवीनंतर धावायच्या बंद होतात. खेळाच्या तासाला त्या कडेला बसून राहतात, हे आम्ही रोज पाहतो. आपल्या शाळा, शादीखाने, मदरसे यांच्याकडे आवार आहे. रोज सकाळी एक तास ते आवार फक्त बायांसाठी आणि मुलींसाठी उघडे ठेवायला पैसा लागत नाही, ट्रस्टींचा एक ठराव लागतो. जुम्याला मशिदीच्या दारात एक टेप आणि एक वही ठेवून कंबर मोजून घ्यायला तर ठरावही लागत नाही. वलीम्यात शीतपेयाच्या बाटल्यांऐवजी पाणी आणि ताक ठेवले तर कोणाची इज्जत जात नाही, उलट यजमानाचा खर्च वाचतो.

शाळेतला फलक मुले वाचतीलच. घरातल्या मोठ्यांनी या आठवड्यात दोनच गोष्टी कराव्यात. घरातल्या प्रत्येकाची कंबर मोजून वरचे गुण मांडावेत आणि ज्यांचे वय ३० च्या पुढे आहे त्यांनी उपाशीपोटी जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात साखर तपासून घ्यावी. जाताना घरातल्या बाईला सोबत न्यावे, कारण ती आपणहून जाणार नाही.